बंद न होणारा लॅपटॉप: अडकतो कुठे ते आधी बघा

शट डाउनवर क्लिक केले की विंडोज तीन कामे ओळीने करते. आधी उघडे प्रोग्रॅम बंद करते, मग मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस थांबवते, आणि शेवटी ड्रायव्हरांकरवी (उपकरणे चालवणारी छोटी सॉफ्टवेअरे) एकेक उपकरण बंद करून वीज तोडते. लॅपटॉप नीट बंद होत नाही म्हणजे यातल्या एखाद्या टप्प्यावर काहीतरी अडले आहे. कुठला टप्पा ते कळले की निम्मे काम झालेच. ते न बघता रोज पॉवर बटण दाबून धरणे म्हणजे दुखणे अंगावर काढणे. डिस्कवर लिहिणे अर्धवट राहते, फाइल खराब होतात, आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

बटण दाबून धरायचेच असेल तर आधी एवढे बघा: पडद्यावर चक्र फिरते आहे आणि डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे, तोवर काम चालू आहे. अपडेट बसत असेल तर हार्ड डिस्कवाल्या जुन्या मशीनला अर्धा तासही लागतो. तेवढा वेळ चार्जर लावून ठेवा, कारण पावसाळ्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही आणि जुनी बॅटरी दहा मिनिटेही तग धरत नाही. अर्धा तास उलटला, डिस्कचा दिवाही शांत आहे, मगच बटण 10 ते 15 सेकंद दाबून धरा.

आता सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण: फास्ट स्टार्टअप. विंडोज 8 पासून ही सोय आली आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आपोआप चालू असते. ती चालू असताना शट डाउन हे पुरते शट डाउन नसतेच. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या अवस्थेत आहेत त्याच अवस्थेत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये साठवले जातात, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलले जातात. त्यामुळे बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेलाच परत येतो.

हे तपासायला अवजार लागत नाही. रीस्टार्ट करून बघा. रीस्टार्टमध्ये फास्ट स्टार्टअप वापरले जात नाही. रीस्टार्ट बिनतक्रार होतो आणि शट डाउन मात्र अडकते, तर संशय इथेच घ्यायचा. दुसरी खूण टास्क मॅनेजरमध्ये. परफॉर्मन्स, मग सीपीयू, खाली 'अप टाइम'. काल रात्री बंद केलेला लॅपटॉप तिथे चार-पाच दिवस सलग चालू असल्याचे दाखवत असेल तर तो खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नाही. तिसरी चाचणी म्हणजे शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करणे. असे केल्यास तेवढ्यापुरते संपूर्ण शट डाउन होते.

सोय कायमची काढायची असेल तर कंट्रोल पॅनेल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' निवडा. खालचे चौकोन फिके दिसतील. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' आहे, त्यावर क्लिक केले की ते खुले होतात. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा आणि सेव्ह करा. हा पर्यायच दिसत नसेल तर मशीनवर हायबरनेट (चालू स्थिती डिस्कवर साठवून बंद होण्याची सोय) बंद आहे, म्हणजे दोष दुसरीकडे शोधायचा. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर ही सोय काढल्याने सुरू व्हायला काही सेकंदच जास्त लागतात, म्हणून ती बंदच ठेवलेली बरी. मोठ्या अपडेटनंतर ही खूण कधी कधी परत आलेली असते, तेवढे बघून घ्या.

'शटिंग डाउन'चे चक्र फिरतच राहते, ही दुसरी तऱ्हा. एखादा प्रोग्रॅम अडवत असेल तर 'धिस ॲप इज प्रिव्हेंटिंग शटडाउन' असे लिहून विंडोज त्याचे नावच सांगते. तिथे सेव्ह न केलेले काही नसेल तर 'शट डाउन एनीवे'. नाव न दाखवता नुसते चक्र फिरत असेल तर सर्व्हिस अडली आहे. कार्यालयातल्या लॅपटॉपवर प्रिंटर आणि नेटवर्क ड्राइव्ह हे नेहमीचे संशयित. प्रिंटरच्या रांगेत अडकलेली कामे रद्द करा, नेटवर्क ड्राइव्ह तोडा, यूएसबीला लावलेले सगळे काढा, अगदी माउसचा डाँगलसुद्धा, आणि मग शट डाउन करून बघा.

तरीही छडा लागत नसेल तर विंडोजला बोलते करता येते. रेजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजची आतली सेटिंग्ज बदलण्याचे अवजार) एचकेएलएम म्हणजे HKEY_LOCAL_MACHINE, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टीम अशा क्रमाने आत जा. उजवीकडे 32 बिटचे नवे डीवर्ड मूल्य तयार करा, नाव 'व्हर्बोजस्टेटस' (इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता: VerboseStatus), मूल्य 1. त्यानंतर बंद होताना पडद्यावर विंडोज काय थांबवते आहे ते दिसू लागते, आणि कुठल्या ओळीवर गाडी अडते ते डोळ्यांनी पाहता येते. रेजिस्ट्रीत बाकी कशालाही हात लावू नका. दुसरा मार्ग क्लीन बूटचा, म्हणजे बाहेरच्या सर्व्हिसेस न चालवता विंडोज सुरू करण्याचा: एमएसकॉन्फिग (msconfig), सर्व्हिसेस, 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण, मग बाकी सगळ्या बंद. ती पहिली खूण विसरलात तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस बंद पडतील. यानंतर शट डाउन सुरळीत झाले तर निम्म्या सर्व्हिसेस चालू करा, परत तपासा, उरलेल्यांच्या परत निम्म्या. असे करत दोषी हाती लागतो.

पडदा काळा, पण पंखा, कीबोर्डची बत्ती किंवा बटणाचा दिवा चालू: इथे विंडोजने आपले काम बहुधा संपवलेले असते आणि शेवटच्या टप्प्यात ड्रायव्हर अडून बसलेला असतो. इंटेलच्या मशीनवर मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस (चिपसेटमधल्या इंटेलच्या छोट्या नियंत्रकाशी विंडोजला जोडणारा भाग) आधी बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सिस्टीम डिव्हायसेस'खाली तो सापडतो. त्याचा आणि चिपसेटचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, नेमका मॉडेल क्रमांक टाकून घ्या. ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरे टाळा. बायोस (विंडोजच्याही आधी चालणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) अपडेट करणेही पुष्कळदा लागू पडते. मात्र ते करताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरी चांगली भरलेली हवी. वीज खात्याने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचे कळवलेल्या दिवशी बायोसला हात घालू नये. अपडेट अर्ध्यावर तुटले तर मदरबोर्डच दुरुस्तीला न्यावा लागतो.

लॅपटॉप बंद होतो पण आपोआप परत चालू होतो, हा प्रकार गोव्यात समजून घेण्यासारखा आहे. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये 'वेक ऑन एसी' नावाची सोय असते. ती चालू असेल आणि चार्जर भिंतीला लावलेला राहिला असेल, तर रात्री गेलेली वीज परत येताच लॅपटॉप स्वतःहून सुरू होतो. थिंकपॅडवर हीच सोय 'पॉवर ऑन विथ एसी अटॅच' म्हणून सापडते. झाकण उघडताच सुरू होण्याची सोयही असते, लेनोव्होत 'फ्लिप टू बूट', डेलमध्ये 'पॉवर ऑन लिड ओपन'. अशा लॅपटॉपचे झाकण पिशवीत जरासे उचलले गेले तरी तो जागा होऊ शकतो. चवथीला गावी नेलेला लॅपटॉप पिशवीतून तापलेला आणि बॅटरी संपलेली असा निघतो त्यामागे हे असू शकते. दोन्ही सोयी बंद करून टाका.

या दोन्ही नसतील तर बंद होताना निळा पडदा येऊन विंडोज स्वतःला रीस्टार्ट करत असेल. रनमध्ये 'सिसडीएम.सीपीएल' (sysdm.cpl) टाइप करा, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरीची सेटिंग्ज, तिथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. आता निळा पडदा थांबून राहील, त्यावरचा कोड लिहून घ्या. 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' असे आले तर परत ड्रायव्हरच.

किनारपट्टीवरच्या घरांत बटणाकडेही बघा. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांनी बटणाखालचा संपर्क गंजतो, बटण चिकटते, आणि दाबले नसतानाही मशीनला ते दाबल्यासारखे वाटते. बटण दाबल्यावर टिक आवाज करून लगेच वर येत नसेल, तर किबोर्ड काढून संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावा लागतो. हे काम जाणकाराकडून करून घ्या. टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप वापरणे थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

दुरुस्तीला नेण्याआधी इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, सिस्टीम. तिथे 'इव्हेंट आयडी'खालचे आकडे बघा: 1074 म्हणजे शट डाउन कोणी मागितले त्याची नोंद, 6006 म्हणजे नोंदवही व्यवस्थित बंद झाली, 6008 म्हणजे मागचे बंद होणे अनपेक्षित होते, 41 म्हणजे नीट बंद न होताच मशीन परत सुरू झाले. 1074 आहे, 6006 आहे आणि तरी 41 येतो, तर विंडोजने आपले काम बरेच पुढे नेले होते आणि अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. 1074 आहे पण 6006 नाहीच, तर सर्व्हिसेसकडे परत वळा. या नोंदींचा फोटो काढा, महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि दुकानात 'बंद होत नाही' एवढेच न सांगता कुठल्या टप्प्यावर अडकतो, रीस्टार्ट होतो की नाही, आणि चार्जर काढल्यावर काय फरक पडतो ते सांगा.