हब उघडायच्या आधी

पोळा सरला, पाऊस ओसरला की आमच्या वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या गाड्या बोलायला लागतात. चार महिने पांदण रस्त्याने, नाल्यावरच्या पाण्यातून काढलेल्या असतात. तापलेलं हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ग्रीस खराब होतं, आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज धरतो, आणि मग चाळीसच्या पुढे गाडी घूं-घूं करायला लागते. चाकाचं हे बेअरिंग बदलणं फार अवघड नाही. अवघड असतं ते गाडी अंगणात उघडून ठेवल्यावर काहीतरी कमी आहे हे कळणं. म्हणून पाना हातात घेण्याआधी काय काय हाताशी हवं, ते सांगतो.

पहिली तयारी एका बादलीभर पाण्याची आणि खुरपीची. हसू नका. काळी माती रिंगच्या आतल्या बाजूला थापून वाळली की चाकाचा तोल जातो आणि साठ-सत्तरवर स्टिअरिंग थरथरतं. लोक त्यालाच बेअरिंग समजतात. ती खरडून काढा. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये गिट्टीचा खडा अडकला असेल तर तोही काढा, तो नुसता किंचाळतो. टायरवरून तळहात फिरवा. रबर उंचसखल लागलं तर आवाज टायरचा असू शकतो. मागचे टायर पुढे लावून बघा, आवाज जागा बदलतो का.

मग रस्ता निवडा. जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धीवर ही परीक्षा नको, काँक्रिटवर चांगल्या गाडीचे टायरही गुणगुणतात. गुळगुळीत डांबरी, रिकामा रस्ता हवा. पन्नास-साठच्या वेगाने, मागेपुढे कोणी नसताना, स्टिअरिंग हलकंच डावीकडे-उजवीकडे द्या. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर. इथे मी स्वतः फसलोय. आवाज उजव्या कानाशी येत होता म्हणून उजवं बेअरिंग बदललं, अख्खा दिवस घालवला, आणि संध्याकाळी गाडी तशीच घुमत होती. गावातला मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आवाज इकडून येते म्हून बेअरिंग इकडचंच असन असं नाई." तेव्हापासून मी कानापेक्षा हातावर जास्त भरवसा ठेवतो.

हाताची परीक्षा अशी. चाक जॅकवर उचलायचं, खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावायची (नुसत्या जॅकवर कधीच नाही), आणि चाक घड्याळातल्या बारा-सहाला धरून हलवायचं. खडखड प्ले (ढिलेपणा) लागला तर एकाला ब्रेक दाबायला बसवा; ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) बघा. फक्त तीन-नऊला हललं तर बहुधा टाय रॉड (स्टिअरिंगचा दांडा). प्ले नसला तरी बेअरिंग चांगलं असं समजू नका. एका हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगल्या बाजूला काहीच जाणवत नाही. गेलेल्या बाजूला जात्यात खडा आल्यासारखी बारीक करकर बोटांत येते.

बाजू नक्की झाली की सामान. गाडीचं मॉडेल, साल आणि चॅसिस नंबर घेऊन दुकानात जा, कारण एकाच गाडीच्या दोन सालांत बेअरिंग वेगळं निघतं. बिल घ्या, डबा ओळखीचा आणि आतला माल नकली, हे नेहमीचंच झालंय. बेअरिंगबरोबर नवं सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडकवणारी रिंग) आणि एक्सलचा नवा नट लागेलच. नटासाठी ३० किंवा ३२ ची गोटी (सॉकेट), लांब दांडा, टॉर्क रेंच (ठरल्या जोराने आवळायचा पाना), ब्रेकचा कॅलिपर टांगायला तार (तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका), आणि स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खांबाच्या) बोल्टांवर खूण करायला थोडा रंग. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची सोय प्रेसची, म्हणजे भाग दाबून बसवायच्या यंत्राची. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये (हब-बेअरिंग धरणाऱ्या ओतीव भागात) दाबून बसवलेलं असतं, ते घरी हातोड्याने बसवू नका. तालुक्याच्या लेथवाल्याला आदल्या दिवशी फोन करा. बाजाराचा दिवस टाळा, आणि लाइन कधी जाते तेही विचारा: प्रेस हाताने पंप होते, पण ग्राइंडर नाही. ग्राइंडर कशाला? हब ओढून काढलं की जुनी आतली रेस (बेअरिंगची आतली कडी) निम्म्या वेळा हबवरच चिकटून येते. लेथवाला तिला ग्राइंडरने तिरकी चीर पाडतो, हबला न लागेल इतपतच, आणि छिन्नीचा एक ठोका देतो. टक्‌ असा आवाज होतो आणि रेस सैल पडते. हबवर खोल ओरखडा किंवा घासून निळसर डाग दिसला तर हबही नवं घ्या, तिथे काटकसर नको.

त्याच्याशेजारी उभं राहून दोन गोष्टी बघा. बेअरिंग नकलमध्ये जाताना दाब बाहेरच्या रेसवर हवा. हब बसवताना आतल्या रेसला खालून आधार हवा. उलटं केलं तर गोळ्यांवर दाब येतो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी मरतं. एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका तोंडावर चुंबकी पट्टी असते, ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच जायला हवी. लोखंडाचा कीस तिला लागू देऊ नका.

तुमच्या गाडीला बोल्टने बसणारं अख्खं हब युनिट असेल तर प्रेसचा हा सगळा खटाटोप वाचला.

एक्सलचा नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यानेच आवळा. छोट्या गाडीतही तो २०० न्यूटन-मीटरच्या आसपास जातो, म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला साधारण २० किलो. नट ढिला असताना गाडी हातभरही ढकलू नका, बेअरिंग तेवढ्यानेही खराब होतं. स्ट्रटचे बोल्ट उघडले असतील तर अलाइनमेंटचे पैसे बाजूला काढून ठेवा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. तो पाना तोवर डिकीतच राहू द्या.