जावामध्ये संख्या वरच्या पूर्णांकापर्यंत नेताना

एका पानावर 10 नोंदी दाखवायच्या असतील आणि एकूण नोंदी 101 असतील, तर पाने 11 लागतात. शेवटच्या पानावर एकच नोंद उरली तरी ते पान मोजावेच लागते. अशा ठिकाणी जावा या प्रोग्रामिंग भाषेतील मॅथ.राउंड ही मेथड (ठरावीक काम करून देणारा तयार कोड) उपयोगाची नाही, कारण ती जवळचा पूर्णांक शोधते आणि 10.1 चे 10 करते. अपूर्णांक कितीही लहान असला तरी उत्तर वरच्याच पूर्णांकावर नेण्याचे काम मॅथ.सील ही मेथड करते. (येथे नावे देवनागरीत दिली असली, तरी प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सांभाळून लिहावीत.)

मॅथ.सील डबल (अपूर्णांकही ठेवू शकणारा संख्येचा प्रकार) घेते आणि डबलच परत करते, 10.1 दिल्यावर तिच्याकडून 11.0 मिळतात. हे उत्तर थेट इंट (फक्त पूर्णांक ठेवणारा प्रकार) व्हेरिएबलमध्ये ठेवू पाहिले तर कंपाइलर, म्हणजे कोड तपासून त्याचे भाषांतर करणारा प्रोग्राम, अडवतो, म्हणून ते आधी इंटमध्ये कास्ट करावे, म्हणजे त्याचा प्रकार बदलावा लागतो. इथवर काही अवघड नाही. खरी चूक होते ती पुढच्या ओळीत:

इंट पाने = (इंट) मॅथ.सील(101 / 10);

ही ओळ विनातक्रार कंपाइल होते आणि उत्तर 10 देते. त्यात सीलचा दोष काहीच नाही. 101 आणि 10 हे दोन्ही इंट असल्यामुळे जावा येथे पूर्णांकी भागाकार करते, बाकी टाकून देते आणि सीलच्या हाती केवळ 10 पडतात. जो अपूर्णांक आधीच गेला, त्याला वर कसे नेणार? यावर उपाय म्हणजे भागाकार होण्यापूर्वीच एका संख्येला डबल करणे:

इंट पाने = (इंट) मॅथ.सील((डबल) 101 / 10);

येथे कंसाची जागा महत्त्वाची आहे. संपूर्ण भागाकार कंसात घालून त्याला डबल केले, तर मूळ चूक जशीच्या तशी परत येते. शिवाय चाचणीसाठी 100 नोंदींसारखा नि:शेष भाग जाणारा आकडा घेतला, तर चुकीचा कोडही बरोबर उत्तर देतो. म्हणून चाचणीत 99, 100 आणि 101 हे तिन्ही आकडे घ्यावेत.

भाज्य आणि भाजक दोन्ही पूर्णांक असतील, तर माझ्या मते डबलच्या वाटेला जाऊच नये. भाजकापेक्षा एकाने लहान संख्या भाज्यात मिळवून नेहमीचा भागाकार करावा:

इंट पाने = (नोंदी + दरपान - 1) / दरपान;

नोंदी 101 असतील तर 110 ला 10 ने भागून 11 येतात. 100 असतील तर 109 ला 10 ने भागून 10 च येतात. मात्र ही युक्ती भाज्य ऋण नसताना आणि भाजक धन असतानाच वापरावी. तसेच नोंदींचा आकडा इंटच्या कमाल मर्यादेजवळ, म्हणजे 2147483647 च्या आसपास असेल, तर बेरीज ओसंडून ऋण होते. जावा 18 पासून मॅथ.सीलडिव्ह ही मेथड मिळते आणि तिच्यात ही अडचण येत नाही. भाजक शून्य असेल तर ती अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना) फेकते, आणि ते चांगलेच आहे. कारण डबलच्या मार्गाने 101 ला शून्याने भागले तर अनंत मिळते आणि इंटमध्ये कास्ट करताच त्याचे गुपचूप 2147483647 होतात.

ऋण संख्यांच्या बाबतीत ‘वर’ या शब्दाचा अर्थ नीट ठरवून घ्यावा. सीलच्या दृष्टीने वर म्हणजे संख्यारेषेवर धन दिशेला, त्यामुळे -2.5 चे -2.0 होतात, -3.0 नव्हे. शून्यापासून दूर जायचे असेल, तर बिगडेसिमल या दशांश संख्या अचूक साठवणाऱ्या प्रकारासोबत राउंडिंगमोड.अप वापरावा, राउंडिंगमोड.सीलिंग मात्र सीलप्रमाणेच वागतो.

बिगडेसिमलची खरी गरज दशांश संख्यांमध्ये भासते. 1.1 ला 100 ने गुणल्यावर 110 यायला हवेत, पण 1.1 ही संख्या द्विमान पद्धतीत अचूक साठवता येत नसल्याने डबलमध्ये 110.00000000000001 येतात, आणि सील त्या नगण्य कणाचाही मान राखून 111 देते. राउंडने हा कण झाकला असता. सील तो उघडा पाडते. म्हणून रकमा किंवा मोजमापे वर नेताना बिगडेसिमल घ्यावे, पण ते 1.1 या डबलपासून न बनवता अवतरणचिन्हांतील "1.1" या स्ट्रिंगपासून बनवावे, नाहीतर तीच अशुद्धता आत शिरते. त्यानंतर सेटस्केल मेथडला शून्य (म्हणजे दशांश स्थळे शून्य) आणि राउंडिंगमोड.सीलिंग द्यावे आणि शेवटी इंटव्हॅल्यूएक्झॅक्ट वापरून पूर्णांक घ्यावा. संख्या इंटमध्ये मावत नसेल, तर ही मेथड चुकीचा आकडा देण्याऐवजी अपवाद फेकते.