परदेशी केंद्रासोबत औषध चाचणी: नवी मुंबईतील रुग्णालयांनी काय करावे

खारघर, नेरूळ किंवा शेजारच्या ठाण्यातील रुग्णालयाला परदेशी संशोधन केंद्रासोबत नव्या औषधाची चाचणी करायची असेल, तर करारावर सही करण्याआधी आपल्या नीतिशास्त्र समितीची (चाचणीतील सहभागींचे हक्क व सुरक्षितता जपणाऱ्या समितीची) नोंदणी वैध आहे का, हे तपासावे. नवी औषधे व क्लिनिकल चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार स्वतःची समिती नसलेल्या केंद्राला त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या आतील नोंदणीकृत समितीची मान्यता घेता येते. केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी सहसा प्रायोजक, म्हणजे चाचणी सुरू करून तिची जबाबदारी घेणारी कंपनी किंवा संस्था, मिळवतो, मात्र तिची प्रत आपल्या दप्तरी हवीच. पहिला रुग्ण सहभागी होण्यापूर्वी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सार्वजनिक ऑनलाइन नोंदवहीत चाचणीची नोंद झालेली असावी.

सर्वाधिक वेळ मात्र संमतीपत्राला द्यावा. मराठी मसुदा समितीतील सामान्य (वैद्यकीय क्षेत्राबाहेरील) सदस्याला मोठ्याने वाचायला लावावा, जिथे तो अडखळेल ती वाक्ये सोपी करावीत आणि सुधारित मसुद्याला पुन्हा समितीची मंजुरी घ्यावी. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईचा हक्क आहे आणि कोणत्याही क्षणी बाहेर पडता येते, हे रुग्णाला घाई न करता, नातेवाइकांसमक्ष सांगावे. माझ्या मते या कामाची खरी कसोटी इथेच लागते.

गंभीर दुष्परिणाम दिसल्यास संशोधकाने २४ तासांच्या आत औषध नियंत्रक, प्रायोजक आणि समिती या तिघांनाही कळवणे बंधनकारक आहे. परदेशातील घड्याळ वेगळे चालते. म्हणून त्या केंद्रात आपल्या वेळेनुसार रात्री किंवा पहाटे फोन कोण उचलणार, हे करारातच लिहून घ्यावे.