कॅम्पर घेऊन कोकणात उतरताय? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापूरच्या फुलेवाडी नाक्यावरून कोकणाकडे जाणाऱ्या कॅम्पर वाढतात. बहुतेक टेम्पो ट्रॅव्हलरच. उद्यमनगरात नाहीतर ओळखीच्या गॅरेजात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतलेल्या. हौस चांगलीच आहे, मला स्वतःलाही तीच आहे. पण त्याच त्या चुका दरवर्षी बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक घाटात होते. कळे, साळवण करत गगनबावड्यापर्यंत रस्ता सरळ असतो, त्यामुळे गाडी आपल्या हातात आहे असं वाटायला लागतं. मग करूळ घाट सुरू होतो आणि डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रल टाकतो, कुणी चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो. चार वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्याची गाडी माझ्यापुढे होती. मागचे दिवे सारखे लागलेलेच दिसत होते. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर खिडकीतून करपलेला वास आला. मी हॉर्न वाजवला, फोन केला, पण उचलला नाही. पुढच्या वळणावर त्याने गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली, म्हणून आज ही गोष्ट सांगता येते. खाली उतरला तेव्हा हात थरथरत होते. "दाजी, पॅडल पार खाली गेलं हो," एवढंच म्हणाला. चाकांतून धूर येत होता आणि गाडीत दोन लहान पोरं होती.

ब्रेक तापत गेले की लायनरची पकड जाते. त्यातून ऑइलला उकळी फुटली की पाइपात वाफ धरते आणि पॅडल दाबलं तरी जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. मागून आलेला एक जण बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाला होता, त्याचा हात मी धरला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की त्याला तडा जाऊ शकतो. तासभर नुसतं थांबलो.

जुने ट्रकवाले सांगतात, घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा. मी गगनबावड्यात चहा घेतो, तिथूनच दुसरा गिअर टाकतो आणि इंजिन बंद करायचा विचारही मनात आणत नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर जातो आणि पॅडल दगडासारखं कडक होतं. मागे रांग लागली तर लागू दे, जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन पुढे सोडतो. घाई असणाऱ्याने कार घेऊन जावं.

यालाच जोडून पाणी. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो वजन, आणि अर्धी भरलेली असेल तर वळणावर पाणी डुचमळून गाडी ओढते. कोकणात पाण्याला तोटा नाही. मी प्यायचे दोन कॅन घेऊन निघतो, टाकी वैभववाडीत भरतो.

राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने जाणार असाल तर अंधार पडायच्या आत उतरा. गवा ऐन वळणावर उभा असतो.

दुसरी चूक पुळणीवरची, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरची. शिरोड्याला सुरूच्या बनात आमचा मुक्काम होता, पौर्णिमेचा दिवस. संध्याकाळी समुद्र लांब गेलेला, ओली वाळू फरशीसारखी टणक. एका कुटुंबाने सूर्यास्ताच्या फोटोसाठी कॅम्पर थेट त्या वाळूवर नेली आणि तिथेच स्वयंपाक मांडला. मी सांगून बघितलं. "तासाभरात काढतो काका," म्हणाले. गावातला एक म्हातारा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा मच्छीमार, जाता जाता म्हणाला, "आज पुनव, उधाण येतला." नऊच्या सुमाराला काढायला गेले तर मागची चाकं फिरून फिरून अर्धी रुतलेली आणि पाणी टायरला लागलेलं. टायरची हवा निम्मी केली, चाकाखाली झावळ्या घातल्या आणि रापणीचा दोर लावून गावच्या पंधरा-वीस जणांनी गाडी ओढली. सकाळी त्या जागी भरतीची रेघ बरीच वर होती.

तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यात थोडं मागेपुढे होतं. भरतीच्या आधी-नंतर सहा तासांवर ओहोटी, म्हणून पौर्णिमेच्या संध्याकाळी पुळण एवढी रुंद दिसते आणि माणूस फसतो. मुळात वाळूत गाडी घालूच नये. हिवाळ्यात तिथे कासवं अंडी घालतात. गाडी रस्त्याला लावून दोन पावलं चाललं तर काय बिघडतं?

माडाखाली गाडी लावू नका, वरून नारळ पडतो.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तळाशी साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला भोक खालच्या बाजूला हवं. गॅरेजवाले वरच्या खिडकीवर भागवतात, त्यांना तसं करू देऊ नका.

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या पाणंदीत दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, आणि वर फणसाच्या फांद्या. आधी एकाने चालत जाऊन बघायचं, मगच गाडी आत. बाग कुणाची तरी असतेच. मुक्कामाआधी घरात जाऊन विचारा, कुणी नाही म्हणत नाही, उलट सोलकढी समोर येते. सांडपाणी मात्र त्यांच्या विहिरीजवळ सोडू नका.

आणि खारं वारं. परत आल्यावर मी घरी जायच्या आधी गाडी वॉशिंगला नेतो, बायको-पोरं सामानासकट आत बसलेली असतात. चॅसी, ब्रेकचे पाइप, सायलेन्सर, सगळं खालून गोड्या पाण्याने धुऊन निघालं की मगच घर.