मुंबईहून रात्रीचं इंटरनॅशनल फ्लाइट आहे? मग तयारी अशी करा

मुंबईहून परदेशी जाणारी बरीचशी विमानं रात्री दहा ते पहाटे पाचच्या मधे सुटतात आणि नेमक्या त्याच वेळेत अख्खा महाराष्ट्र टी-टू ला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनला, आलेला असतो, कोण लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला चाललंय, कोण दुबईला कामावर, कोण ग्रुप टूरचे टोप्या-बॅज लावून युरोपला. त्या गर्दीत जे धावताना दिसतात त्यांचं बहुतेक वेळा विमानतळावर काही चुकलेलं नसतं, घरीच चुकलेलं असतं. म्हणून या लेखातली निम्म्याहून जास्त कामं घरी बसून करायची आहेत.

आधी तारीख बघा, मग विमानतळ

तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०१:३५ लिहिली असेल तर तुम्हाला १४ तारखेला संध्याकाळीच घराबाहेर पडायचंय. वाचताना वाटतं यात काय सांगायचं, पण आमच्या सोसायटीतले एक काका १५ ला रात्री जेवूनखाऊन निवांत गाडी बोलवत होते आणि त्यांची सीट आदल्या रात्रीच रिकामी उडून गेली होती. उपाय सोपा आहे, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर १४ च्या चौकोनात पेनाने लिहा "आज निघायचं", १५ च्या चौकोनात काहीच लिहू नका.

आता विमानतळ. मुंबईचा जुना विमानतळ, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, तिकिटावर बीओएम असा येतो आणि नवी मुंबईचा एनएमआय. नवी मुंबईचा डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, त्यामुळे "मुंबई म्हणजे अंधेरी" हे आता धरून चालायचं नाही, कोड वाचायचा, विशेषतः आधी डोमेस्टिकने येऊन पुढे इंटरनॅशनल पकडणार असाल तर. आणि ड्रायव्हरला नुसतं "एअरपोर्ट" सांगू नका, "सहार, टी-टू, डिपार्चर" एवढं पूर्ण सांगा. सांताक्रूझचं टी-वन वेगळं, तिथून टी-टू ला रस्त्याने जावं लागतं आणि त्या वेळी हायवेला ट्रॅफिक असेल तर देवच वाचवो.

घड्याळ उलटं मोजा

सगळे सांगतात तीन तास आधी पोचा. पण कशाच्या आधी? विमान सुटायची वेळ ही तुमच्या कामाची नाहीच, तुमच्या कामाची वेळ म्हणजे चेक-इन काउंटर बंद व्हायची. बहुतेक एअरलाइन्स सुटायच्या एक तास आधी काउंटर बंद करतात, काही ठिकाणी सव्वा तास, तिकिटात किंवा त्यांच्या साइटवर बघून घ्या. म्हणजे ०१:३५ चं विमान असेल तर तुमच्यासाठी ते साधारण १२:२० लाच सुटलं असं समजा.

आता तिथून मागे या. सामान असेल तर काउंटरची लाइन, त्याआधी गेटवर सीआयएसएफची, म्हणजे विमानतळाच्या सुरक्षा जवानांची, लाइन, त्याआधी उड्डाणपुलावर गाड्यांची लाइन. म्हणजे रात्री साडेनऊ-दहाला डिपार्चरच्या दारात उतरायला हवं. ठाणे-डोंबिवलीवाल्यांनी दोन-अडीच तास धरावेत. पुण्याहून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, मोकळा रस्ता असला तर तीन-साडेतीन तास, पण मोकळा रस्ता असं गृहीत धरणारा माणूस कधी बोरघाटात अडकलेला नसतो. रविवारी संध्याकाळी तर लोणावळ्याहून परतणारी सगळी मुंबई तुमच्याच बरोबर एक्सप्रेसवेला असते. त्यामुळे ०१:३५ च्या विमानाला पुण्यातून दुपारी साडेतीन-चारला निघा, पावसाळ्यात अजून तासभर आधी. गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी मुंबईतले कितीतरी रस्ते बंद असतात, त्या दिवशी फ्लाइट असेल तर सकाळीच मुंबईत कोणा नातेवाइकाकडे जाऊन पडलेलं बरं.

मेट्रो तीनचं, म्हणजे ॲक्वा लाइनचं स्टेशन टी-टू लाच आहे. एक बॅग आणि पाठीवर सॅक असेल तर बीकेसी, दादर, चर्चगेट या बाजूने यायला हा खरंच उत्तम पर्याय, ट्रॅफिकचा प्रश्नच मिटला. पण चार मोठ्या बॅगा आणि आजी बरोबर असतील तर गाडीच करा, आणि शेवटची मेट्रो किती वाजता ते बघून ठेवा.

कागदपत्रं: नाव, मुदत, व्हिसा, ह्याच क्रमाने

नावाचा घोळ आपल्याकडे जास्त होतो कारण आपण मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावतो. पासपोर्टमध्ये गिव्हन नेमच्या ओळीत जे काही आहे ते तिकिटावर तसंच्या तसं यायला हवं, म्हणजे पासपोर्टवर "सुनीता रमेश" असेल तर तिकिटावरही तेच. लग्नानंतर आधार बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिला, असं खूप घरांत असतं, अशा वेळी तिकीट पासपोर्टच्या नावाने काढायचं, आधारच्या नाही. चूक सापडली तर लगेच एअरलाइनला फोन करा, काउंटरवर जाऊन गोड बोलून होईल ह्या भरवशावर राहू नका.

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी असं बऱ्याच देशांचं म्हणणं असतं. व्हिसा असला तरी काही देशांना येण्याआधी वेगळं ऑनलाइन अरायव्हल कार्डही भरून लागतं, सिंगापूरला लागतं, थायलंडने १ मे २०२५ पासून सुरू केलंय. ही कार्डं सरकारी साइटवर फुकट भरता येतात, गुगलवर वरती येणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या असतात.

सगळ्याची प्रिंट काढा. हो, २०२६ मध्ये सुद्धा. गेटवर तिकीट आणि पासपोर्ट दाखवावा लागतो आणि नेमका तेव्हाच बाबांचा फोन लॉक होतो, नाहीतर पीडीएफ व्हॉट्सॲपच्या कुठल्या ग्रुपवर होती ते सापडत नाही. आई-बाबा मुलांकडे जात असतील तर मुलाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, इमिग्रेशनवाले "कुठे चाललात, कोणाकडे, किती दिवस" एवढंच विचारतात पण पहिल्यांदा जाणारी माणसं तेवढ्यानेही गडबडतात.

रोख रक्कम: भारतीय नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात, आणि परदेशी चलन नोटांमध्ये एका ट्रिपला ३,००० डॉलरपर्यंत. बाकीचं फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परदेशी चलन भरलेल्या प्रीपेड कार्डवर.

बॅग: खरी लढाई इथे आहे

पहिली गोष्ट म्हणजे वजन. अमेरिकेला बहुतेकदा २३ किलोच्या बॅगा असतात, आखातात कुठे २५ कुठे ३०, तिकिटावर लिहिलेलं वाचा, मागच्या वेळी किती होतं ते आठवू नका. कुठलीही एक बॅग ३२ किलोच्या वर घेत नाहीत, जास्तीचे पैसे भरले तरी नाही. हुकवाला डिजिटल वजनकाटा काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच, कारण टी-टू च्या काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून चकल्यांचे डबे नवऱ्याच्या सॅकमध्ये कोंबणारी कुटुंबं रोज रात्री दिसतात.

आता खाऊ. लोणचं, तूप, श्रीखंड, चटणीत तेल असेल तर तीही, हे सगळं सिक्युरिटीच्या हिशेबात द्रव पदार्थात येतं, म्हणजे हँडबॅगमध्ये १०० मिलीच्या वर नाही. ते चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून, झाकणाला चिकटपट्टी मारून. लाल तिखट हँडबॅगमध्ये अजिबात चालत नाही, आणि कांदा-लसूण मसालाही तिखटच आहे, त्याची तिथे चर्चा करत बसू नका. अमेरिकेच्या विमानात तर हँडबॅगमधली ३५० मिलीच्या वरची कुठलीही पूड वेगळी तपासतात, म्हणून भाजणी, मेतकूट, नाचणीसत्त्व, सगळं खालच्या बॅगेत आणि वर चिठ्ठी लावून.

सुकं खोबरं मात्र नेऊच नका. खोबऱ्याच्या वाट्यांमध्ये तेल भरपूर असतं, साठवणीत ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून मार्च २०२२ पासून आपल्याकडे चेक-इन बॅगेत त्यावर बंदी आहे. कापूर आणि काडेपेटीही तशीच. सत्यनारायणाचं सामान पॅक करताना आजीने कापराची डबी घातलीच असेल, एकदा शोधून काढा.

खसखशीचं तर वेगळंच सांगायला हवं. यूएई, सौदी आणि सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि तिथे "मला माहीत नव्हतं" हे कोणी ऐकून घेत नाही. आता आठवा आपल्याकडे खसखस कशाकशात असते: अनारशांवर, करंजीच्या सारणात, घरच्या गरम मसाल्यात. दिवाळीचा फराळ दुबईला पाठवताना अनारसे डब्यातून बाहेर. कितीही छान जाळी पडलेली असली तरी.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाताना खाण्याची प्रत्येक गोष्ट फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केल्यावर फार तर ती काढून घेतील, लपवलं तर जागेवर दंड.

पॉवर बँक मात्र उलट, ती फक्त हँडबॅगमध्ये, चेक-इनमध्ये ठेवली तर बॅग बाजूला काढतात. १०० वॉट-अवरपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत चालते, त्यावर आकडा छापलेला स्पष्ट दिसायला हवा. बऱ्याच एअरलाइन्स आता ती विमानात वापरू देत नाहीत, त्यामुळे फोन घरूनच फुल चार्ज करून निघा. अडकित्ता, सुरी, मोठी कात्री खाली. पितळी सोऱ्याही खालीच ठेवा, एक्स-रे मध्ये तो काय दिसत असेल कोण जाणे.

औषधं हँडबॅगमध्ये, मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनसकट. सोमवार-मंगळवारच्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवलेल्या गोळ्या कसल्या आहेत हे परक्या देशात कोणाला सांगणार. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेलं काही असेल तर आखातात जाण्याआधी तिथले नियम बघाच.

भारी दागिने किंवा महागडा कॅमेरा नेताय आणि परतही आणणार आहात? मग निघताना डिपार्चरच्या कस्टम्स डेस्कवरून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, बिलं बरोबर ठेवा. नाहीतर येताना हे इथलंच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

दोन दिवस आधीची कामं

वेब चेक-इन साधारण २४ ते ४८ तास आधी उघडतं, करून टाका, सीट बरी मिळते. व्हीलचेअर हवी असेल तर ४८ तास आधी तरी एअरलाइनला कळवा. एक गैरसमज इथे काढतो, व्हीलचेअर म्हणजे रांग नाही असं अजिबात नाही, रात्री टी-टू ला व्हीलचेअरवाल्यांचीच लाइन केवढी असते, माणूस येईपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा अशा वेळी उलट अर्धा तास जास्तच धरा. तरीही गुडघे दुखत असतील तर घ्या, आतलं चालणं खूप आहे.

वरचेवर जाणारे असाल तर फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची नोंदणी करा. ही गृह मंत्रालयाची योजना जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे, भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक), फुकट. ऑनलाइन फॉर्म, मग एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, की ई-गेटमधून बाहेर. डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप, मात्र अजून डोमेस्टिकलाच आहे, त्याच्या भरवशावर राहू नका.

विमानतळावर

गाडी डिपार्चरच्या मजल्यावर फार वेळ उभी करू देत नाहीत. सोडायला दोन गाड्या भरून माणसं येणार असतील तर नमस्कार, ओटी, फोटो, रडारड हे सगळं घरीच उरकून घ्या, तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत आणि दारात उभं राहून "पोचलीस की फोन कर" चाललं की शिट्टी वाजतेच.

आत गेल्यावर बोर्डवर आपला काउंटर बघा. बॅगा दिल्या की बॅगेज टॅगची पावती सांभाळा आणि कनेक्टिंग असेल तर टॅगवर शेवटच्या शहराचा कोड आहे ना हे तिथेच वाचा. मग इमिग्रेशन, मग सिक्युरिटी. इमिग्रेशनला पासपोर्टचं कव्हर काढून ठेवा. सिक्युरिटीला लॅपटॉप, फोन, पॉवर बँक ट्रेमध्ये, पाण्याची बाटली रिकामी, आत गेल्यावर भरता येते. मंगळसूत्र-बांगड्या सहसा काढायला लावत नाहीत, बायकांची तपासणी पडद्याआड बायकाच करतात.

मग ड्यूटी फ्री लागतं. तिथे रमण्याआधी गेट कुठे आहे ते चालत जाऊन बघून या, टोकाची गेटं दहा-पंधरा मिनिटांवर आहेत आणि इथे सारखी अनाउन्समेंट होत नाही, स्क्रीनवरच लक्ष ठेवावं लागतं, गेट आयत्या वेळी बदलतंही. विमान सुटायच्या २०-२५ मिनिटं आधी गेट बंद होतं, बोर्डिंग पासवर छापलेली वेळ तीच पाळा. ड्यूटी फ्रीतून बाटली किंवा अत्तर घेतलंत आणि पुढे अजून एक विमान असेल तर दुकानदाराकडून सीलबंद पिशवीतच घ्या, बिल आतच राहू द्या आणि शेवटच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत ती फोडू नका, नाहीतर मधल्या सिक्युरिटीला तुमची खरेदी कचऱ्याच्या डब्यात जाते.