घरात तान्हं बाळ आणि बालवाडीतलं मूल असताना सण कसा साजरा करावा

सणाच्या दिवशी घरातल्या दोन लहानग्यांच्या गरजा एकमेकींच्या अगदी उलट असतात. आठ-दहा महिन्यांच्या बाळाला रोजचाच दिवस हवा असतो. झोपायची तीच जागा, दुधाच्या त्याच वेळा, ओळखीचे दोन-चार चेहरे. चार वर्षांच्या मुलाला मात्र आज काहीतरी वेगळं घडायला हवं असतं, आणि ते कधी घडणार हे सकाळपासून दहा वेळा विचारायचंही असतं. दोघांना एकाच कार्यक्रमात कोंबलं की संध्याकाळपर्यंत दोघंही रडकुंडीला येतात. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: बाळाचा दिवस मोडू नका, आणि मोठ्याचा सण लहान ठेवा पण खरा करा.

माणसाला मोठेपणी आठवणाऱ्या सर्वांत जुन्या गोष्टी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात. बाळाला या वर्षातलं काहीही आठवणार नाही. मोठ्याला कदाचित आठवेल. तेव्हा बाळाच्या कपड्यांवर आणि फोटोंवर जीव टाकण्याऐवजी तो वेळ मोठ्याला द्या, बाळाला त्याची झोप द्या.

१. आधी यादीला कात्री लावा

सणाच्या आठ-दहा दिवस आधी, मुलं झोपल्यावर, दरवर्षी आपण काय काय करतो ते सगळं कागदावर लिहा. मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकच गोष्ट सांगायची, जी झाली नाही तर सण झाल्यासारखं वाटणार नाही. बालवाडीतल्या मुलालाही विचारा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं निघतं: दिवे लावायचे, पीठ मळताना हात घालायचा, मावसभावाबरोबर पळायचं. एवढ्या गोष्टी ठेवा. बाकीच्या पुढच्या वर्षी करा, तयार आणा, किंवा दुसऱ्या कुणाकडे सोपवा. ‘काय म्हणतील’ या भीतीने ठेवलेलं प्रत्येक काम सणाच्या दिवशी कुणाच्या तरी झोपेतून किंवा जेवणातून वसूल होतं, आणि बहुतेक घरांत ती व्यक्ती आईच असते.

२. दिवस बाळाच्या झोपेभोवती आखा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून २४ तासांत १२ ते १६ तास झोप लागते. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. सणाच्या दिवशीही ही गरज तशीच राहते.

म्हणून मुख्य कार्यक्रम, मग ते जेवण असो, पूजाप्रार्थना असो वा भेटवस्तू देणं असो, बाळ झोपून उठलं आणि पोटभर दूध प्यायलं की लगेच ठेवा. त्यानंतरचा तासभर बाळाची तब्येत खुशीत असते. पाहुण्यांनाही वेळ देताना शेवट सांगून टाका: ‘चार ते सहा या, सहाला बाळाची झोपायची तयारी सुरू होते.’ घरचे लोक हे समजून घेतात. ज्यांना राग येतो, त्यांचा राग बाळाच्या रात्रभराच्या रडण्यापेक्षा सोसायला सोपा आहे.

बाळ दुपारी झोपलेलं असतं तो वेळ सोन्याचा. भांडी आवरण्यात तो घालवू नका. मोठ्याजवळ बसा, त्याच्या आवडीचं सणाचं काम त्याच्याबरोबर करा. बाळ घरात आल्यापासून त्याला आईबाबा वाटून मिळतात. ही पाऊण तासाची पूर्ण मालकी त्याला बाकी सगळ्या सणापेक्षा गोड वाटते.

बाळ कुणी सांभाळायचं हेही आधीच ठरवून घ्या. ‘सगळे आहेत ना’ असं म्हटलं की नेमकं कुणाचंच लक्ष नसतं. तासातासाने पाळी बदला, आणि पाळी देताना तोंडाने म्हणा, ‘आता बाळ तुझ्याकडे.’

३. मोठ्याच्या हातात दिवस द्या

चार वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणून काही कळत नाही. रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून त्यांची साखळी बनवा, जितके दिवस उरलेत तितक्या कड्या. ती त्याच्या हाताला येईल अशी टांगा. रोज रात्री झोपण्याआधी एक कडी त्याने फाडायची. त्याला आकडे येत नसले तरी साखळी आखूड होताना दिसते, आणि ‘अजून किती दिवस?’ याचं उत्तर तो स्वतःच भिंतीवर बघून देतो.

सणाच्या दिवसासाठी एका कागदावर चार चित्रं काढा: अंघोळ, पाहुणे, जेवण, झोप. चित्रं वेडीवाकडी आली तरी चालतात. एकेक गोष्ट झाली की त्याने त्यावर फुली मारायची. पुढे काय आहे हे माहीत असलेलं मूल कमी हट्ट करतं. यात ‘बाळ झोपणार, तेव्हा हळू बोलायचं’ याचंही एक चित्र असू द्या, म्हणजे ती सूचना ऐन वेळी ओरडून द्यावी लागत नाही.

४. त्याला खरं काम द्या

‘तू तिकडे खेळ, आम्हाला काम करू दे’ म्हटलं की मूल बरोबर पायात येतं. त्याऐवजी असं काम द्या की त्याच्यावाचून ते अडेल. समजा, चमचे मांडायचं काम त्याचं. आधी जेवायला कोण कोण आहे ते तो बोटांवर मोजेल. मग एकेक चमचा नेऊन प्रत्येकाच्या जागेवर ठेवेल. एक घेऊन परत येईल, पुन्हा जाईल, कारण सगळे एकदम न्यायचे हे अजून त्याला सुचत नाही. दात नसलेल्या बाळापुढेही एक चमचा ठेवेल. काही चमचे उलटे पडतील. पाहुणे बसेपर्यंत ते तसेच राहू द्या. त्याच्या देखत तुम्ही ते सरळ केलेत तर आपलं काम खोटं होतं हे त्याला लगेच कळतं.

रुमालांच्या घड्या, सजावटीला कागद चिकटवणं, दारात उभं राहून आलेल्यांना ‘या’ म्हणणं, ही कामंही या वयाला जमतात. एकेक काम दहा-पंधरा मिनिटांचं असू द्या, त्यापुढे लक्ष उडणारच. सुरी, विस्तव आणि उकळतं भांडं यांपासून मात्र त्याला लांबच ठेवा, कितीही हौस असली तरी.

५. जमिनीवर बसून घर तपासा

हे काम पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी करा. अक्षरशः हातापायांवर रांगत फिरा, कारण बाळाला जे दिसतं ते उभ्याने दिसत नाही. सोफ्याखाली गेलेला मणी, लोंबणारी दिव्यांची वायर, मेजावरून खाली आलेलं कापडाचं टोक. ते टोक ओढलं की वरचं सगळं बाळाच्या अंगावर येतं. या दिवसापुरतं मेजावर कापड नको.

सगळ्यात जास्त काळजी बटणासारख्या चपट्या सेलची घ्या. चमकणारे दिवे, गाणारी शुभेच्छापत्रं, रिमोट, नवी खेळणी, यांत ते असू शकतात. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती वस्तू मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नका, उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा. छोट्या शक्तिशाली चुंबकांचंही तसंच. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या घड्या मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटू शकतं.

मोठ्याच्या नव्या खेळण्यांत बारीक भाग असतातच. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती बाळाच्या घशात अडकू शकते. ही नळी मोठ्याच्या हातात द्या आणि तपासणीचं काम त्यालाच सांगा. ‘नळीतून गेलं, म्हणजे उंच मेजावरचं खेळणं’ हा नियम त्याने स्वतः लावलेला असला की तो पाळतो, आणि दुसऱ्यांनाही पाळायला लावतो. फुगा फुटला की त्याचे तुकडे ताबडतोब उचला.

चहाचा कप हातात घेऊन बाळाला मांडीवर घेण्याची सवय घराघरांत आहे. ओतल्यानंतर पंधरा मिनिटांनीही त्या चहाने बाळाची कातडी भाजू शकते. एका वेळी एकच, कप किंवा बाळ. पाहुण्यांच्या पर्सेस आणि पिशव्या आल्या आल्या उंचावर ठेवून द्या, त्यांत बऱ्याचदा औषधाच्या गोळ्या असतात.

६. ताटाकडे लक्ष

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटाच्या टोकावरसुद्धा नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या किंवा डब्याच्या दुधाशिवाय काही नको. वरचं खाणं सुरू झालेल्या बाळाला साखर-मीठ घालण्याआधी बाजूला काढलेलं, मऊ कुस्करलेलं द्या.

अख्खे दाणे, सुकामेव्याचे तुकडे, पॉपकॉर्न, टणक गोळ्या बालवाडीतल्या मुलाच्याही घशात अडकतात, त्यामुळे त्या वाट्या खालच्या मेजावर नकोतच. द्राक्षं उभी चिरून चार फाकी करा. आणि खाणं बसूनच, पळताना नाही. मोठ्याला एक वाक्य पाठ करून द्या: ‘बाळाला काही द्यायच्या आधी मी विचारणार.’ हेच वाक्य हौशी नातेवाइकांनाही लागू आहे.

७. पाहुणे

सर्दी-खोकला असलेल्यांना आधीच फोन करून सांगा: ‘बरं वाटलं की निवांत या, तेव्हा वेळही जास्त मिळेल.’ आलेल्यांनी हात धुऊनच बाळाला घ्यायचं, आणि चेहऱ्याचे पापे घ्यायचे नाहीत. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर हे काटेकोर पाळा. या वयात ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त दिसला तर सण असो वा मध्यरात्र, त्याच वेळी डॉक्टरकडे जायचं.

साधारण आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाकडे जायला रडतं. ते आईबाबांना ओळखायला लागल्याचंच लक्षण आहे. ‘किती लाडावलंय’ म्हणत त्याला कडेवरून कडेवर फिरवू देऊ नका. ‘थोडा वेळ तुमच्याकडे बघू दे, मग येईल’ एवढं पुरतं. मोठ्यालाही मिठीची सक्ती नको. टाळी, हात हलवणं, नुसतं हसणं, यांतलं काय करायचं ते तो ठरवेल.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आलेला प्रत्येक जण दारातून सरळ बाळाकडे जातो. मोठा तिथेच उभा असतो, नवे कपडे घालून, आणि त्याच्या डोक्यावरून हात पुढे जातात. थोड्या वेळाने तो बाळाचं खेळणं हिसकावतो आणि मग त्यालाच ओरडा बसतो. जवळच्या लोकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा: ‘आल्यावर आधी मोठ्याला भेटा. त्याने काय सजवलंय ते त्याला दाखवू दे.’ बाळाला पाच मिनिटं उशिरा भेटल्याने काही बिघडत नाही. बाळाची भेट उघडण्याचं कामही मोठ्यालाच द्या. सगळ्या भेटी एकदम उघडू नका, दोन-तीन पुढच्या दिवसांसाठी बाजूला ठेवा.

८. रडारड झालीच तर

बाळ मान फिरवायला लागलं, डोळे चोळू लागलं, मुठी आवळून पाठ ताणू लागलं की समजा, पुरे झालं. रडं फुटायची वाट बघू नका. त्याला शांत, अंधाऱ्या खोलीत घेऊन जा. ही खोली सकाळीच तयार ठेवा, तिथे कुणाच्या बॅगा नकोत. गडबडीत बाळ कुणाच्या खांद्यावर झोपलं तर त्याला सोफ्यावर ठेवू नका आणि त्याला घेऊन सोफ्यावर कुणी डुलकीही काढू नका. त्याच्या नेहमीच्या सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवा. उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी बाजूला काढा.

मोठा भोकाड पसरतो तेव्हा त्याला बहुतेक भूक, झोप किंवा गोंगाट यांतलं काहीतरी झालेलं असतं. सगळ्यांसमोर समजावू नका. हात धरून बाहेर एक चक्कर मारून आणा, पाणी द्या, आणि परत यायचं की आत पुस्तक बघत बसायचं हे त्यालाच ठरवू द्या.

९. दुसरा दिवस रिकामा ठेवा

सणाच्या दुसऱ्या दिवशी कुठेही जायचं कबूल करू नका. दोघांची झोप जागेवर यायला एखाद-दोन दिवस लागतात. सकाळी मोठ्याबरोबर सजावट उतरवा. कागद फाडायला त्याला लावण्याइतकंच आवडतं. दिवे खोक्यात भरण्याआधी त्यांतले सेल काढून मोजा. मग बाळाला जमिनीवर सोडण्यापूर्वी पुन्हा एकदा हातापायांवर सगळ्या खोल्यांतून फिरा: सोफ्याच्या फटी, पायपुसण्याखाली, पाहुणे बसले होते ती जागा.