बिझनेस स्कूलच्या माहितीसत्राला जाण्यापूर्वीची तयारी

देशी-परदेशी बिझनेस स्कूलची माहितीसत्रे आणि प्रवेशमेळावे प्रामुख्याने मुंबई, दिल्ली, बंगळुरू अशा शहरांत भरतात, आणि नोकरीतून रजा काढून, पुण्या-नाशिकहून पहाटे निघून तिथे पोहोचणारे आपल्याकडचे उमेदवार कमी नसतात. इतका दिवस खर्ची पडणार असेल तर तयारी किमान आठवडाभर आधी सुरू करावी. नावनोंदणी करताना पुढे अर्जासाठी जो ई-मेल पत्ता वापरणार असाल तोच द्यावा, कारण काही संस्था उपस्थितीची नोंद ठेवतात.

मेळाव्यात वीस-पंचवीस टेबले मांडलेली असली तरी आपण तीन किंवा चार संस्थाच निवडाव्यात आणि त्यांच्या अभ्यासक्रमांची रचना घरूनच वाचून जावे. इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा मुख्य अभ्यासक्रम, किंवा किमान चार वर्षे अनुभव असलेल्यांसाठीचा अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स, हे एका वर्षाचे आहेत. फ्रान्समधील इन्सिआड या बिझनेस स्कूलचा एमबीए दहा महिन्यांचा असून त्याच्या तुकड्या जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये सुरू होतात. अमेरिकेतले बहुतेक एमबीए मात्र दोन वर्षांचे असून त्या दोन वर्षांच्या मध्ये उन्हाळी इंटर्नशिप असते. ज्याला आयटीतून बाहेर पडून सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रात जायचे आहे त्याच्यासाठी ही इंटर्नशिप फार मोलाची असते. इन्सिआडमध्ये ती संधी जानेवारीच्या तुकडीला उन्हाळी सुटीत मिळते, ऑगस्टच्या तुकडीला नाही. म्हणून मेळाव्यात भेटणाऱ्या तिथल्या माजी विद्यार्थ्याला पहिला प्रश्न, तुम्ही कोणत्या तुकडीत होता, असाच विचारावा.

यानंतर प्रत्येक संस्थेचा रोजगार अहवाल, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळालेल्या नोकऱ्या आणि पगार यांचा अहवाल, शांतपणे वाचावा. सरासरी पगारापेक्षा मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, पाहावा, तो आकडा किती विद्यार्थ्यांनी दिलेल्या माहितीवर आधारलेला आहे हे तपासावे, आणि नोकरी मिळाल्याचे प्रमाण पदवीनंतर किती महिन्यांपर्यंतचे आहे याची नोंद घ्यावी; अनेक संस्था तीन महिन्यांपर्यंतचे प्रमाण देतात. माझ्या पहिल्या सत्रात मी एका माजी विद्यार्थ्याला सरासरी पगारच विचारला होता. तो आकडा अहवालात छापलेला होता, माझ्या मागे सहा जण खोळंबले होते, आणि त्या गृहस्थांनी माझ्याच क्षेत्रातून तिकडे जाऊन जे पाच वर्षांत मिळवले होते त्याविषयी विचारायचे राहून गेले. त्याची खंत मला अजून वाटते.

माजी विद्यार्थी हा या संपूर्ण दिवसातला सर्वांत मौल्यवान भाग आहे, आणि त्याच्यासाठीच खरी तयारी हवी. प्रवेशाचे निकष, शुल्क, शिष्यवृत्तीच्या मुदती हे प्रश्न प्रवेश अधिकाऱ्यासाठी ठेवावेत. माजी विद्यार्थ्याला तेच विचारावे जे केवळ तिथे राहिलेल्या माणसाला ठाऊक असते. तुमच्या तुकडीत आयटीतून सल्लागार क्षेत्रात गेलेल्यांनी पहिल्या महिन्यापासून काय केले, जे जाऊ शकले नाहीत ते कुठे अडले, कर्जाचा हप्ता सुरू झाल्यावर पहिली नोकरी निवडताना किती मोकळीक उरली, असे प्रश्न विचारल्यास उत्तरही मनापासून मिळते. समोरच्याची पदवी कोणत्या वर्षीची आहे हे जरूर विचारावे, कारण व्हिसाविषयीचा त्याचा अनुभव त्या वर्षाच्या नियमांचा असतो. अमेरिकेत पदवीनंतर बारा महिने काम करण्याची मुभा आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गातल्या पदवीला आणखी चोवीस महिने, ही व्यवस्था अनेकांनी ऐकलेली असते. परंतु आपला अभ्यासक्रम त्या वर्गात मोडतो का, हे प्रवेश अधिकाऱ्याकडूनच पक्के करून घ्यावे आणि चालू नियम सरकारी संकेतस्थळावर पाहावेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इन्सिआडसारख्या संस्थेत उमेदवाराच्या मुलाखती माजी विद्यार्थीच घेतात, त्यामुळे आज चहाच्या टेबलाशी भेटलेली व्यक्ती उद्या समोर बसलेली असू शकते. आपले काम, आपली इच्छा यांविषयी जे आज सांगाल ते अर्जातही तसेच उतरले पाहिजे. संबोधनाचा संकोच बाळगू नये. परदेशी संस्थांत थेट नावाने हाक मारण्याची रीत असली तरी वयाने मोठ्या माणसाला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हटल्याने काहीच बिघडत नाही. माजी विद्यार्थ्याचे आडनाव मराठी दिसले तरी भोवती इतर उमेदवार उभे असताना इंग्रजीतच बोलावे. ते स्वतः मराठीकडे वळले तर मग खुशाल मराठीत बोलावे.

सोबत एका पानाच्या रेझ्युमेच्या दोन प्रती, छोटी वही आणि पेन असावे. पोशाख कार्यालयीन असला म्हणजे पुरे. सत्राच्या अर्धा तास आधी पोहोचावे, कारण सादरीकरण संपल्यावर ज्या अधिकाऱ्याभोवती गर्दी उसळते तोच आधी निवांत भेटू शकतो.

परतीच्या गाडीतच, आठवण ताजी असताना, कोण काय म्हणाले ते लिहून काढावे. दुसऱ्या दिवशी आभाराचा संदेश पाठवावा आणि त्यात त्यांनी सांगितलेल्या एखाद्या नेमक्या गोष्टीचा उल्लेख असावा. पहिल्याच संदेशात अर्जासोबतचा निबंध तपासून देण्याची विनंती करू नये. आणि प्रवेशाचा निकाल काहीही लागला तरी त्यांना दोन ओळींनी कळवावे. ज्यांनी आपल्यासाठी वेळ दिला त्यांना पुढे काय झाले याची खरोखर उत्सुकता असते, आणि बहुतेक उमेदवार ते कळवायचे विसरतात.